सांगलीच्या उन्हात माहेरचं अंगण

सांगलीच्या विश्रामबाग भागातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय अठ्ठावन्न, माहेर सावंतवाडीजवळचं, लग्न होऊन सांगलीत आल्याला चौतीस वर्षं झाली. घराच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला मिळून सहाशे चौरस फूट मोकळी जागा आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर चार वर्षांपूर्वी तिथे त्यांनी बाग करायला घेतली. भावाच्या अंगणात आहेत तसे अँथुरियम, हेलिकोनिया, कॅलेथिया, मॉन्स्टेरा, नेच्याचे प्रकार, लाल तुऱ्याचं शोभेचं आलं. जून ते डिसेंबर बाग छान असते. फेब्रुवारी संपला की पानांच्या कडा करपायला लागतात आणि मेपर्यंत निम्मी झाडं जातात. पावसाळ्यात त्या पुन्हा नवी आणतात. यंदा त्यांनी दिवसातून तीनदा बोअरचं पाणी दिलं, आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणीही झाडांनाच घातलं, भर दुपारी पानांवर फवारे मारले. तरी अठ्ठावीस कुंड्यांपैकी सतरा गेल्या. यजमानांचं म्हणणं, पाण्याची आणि पैशाची नासाडी पुरे झाली, पेव्हर ब्लॉक घालून टाकू. शेजारच्या काकू म्हणतात, हिरवी जाळी मारा. मुलगा म्हणतो, निवडुंग लाव. ताई लिहितात, “ही तर उष्ण कटिबंधातली झाडं, मग आमच्या उन्हात का जळतात? माझ्या सासऱ्यांचा मिरज तालुक्यात पानमळा होता. तो केव्हाच मोडला, पण त्यांच्या हाताला गुण होता असं अजून सगळे म्हणतात. माझ्याच हाताला गुण नाही का? बाग सोडून द्यावी का?”

ताई,

सतरा कुंड्या गेल्याचं वाचून वाईट वाटलं. रोपाचे पैसे गेले ते वेगळं. रोज सकाळी दार उघडल्यावर जिच्याकडे आधी नजर जाते ती कुंडी रिकामी दिसणं फार वाईट. मी साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी गेली बावीस वर्षं बाग करते आहे आणि मार्च उजाडला की मलाही अजून धाकधूक होते.

हाताच्या गुणाचं आधी बोलू. पत्रात तो प्रश्न शेवटी आला असला तरी तुम्हाला तोच सगळ्यात जास्त टोचतो आहे असं मला वाटलं. जून ते डिसेंबर बाग छान असते हे तुम्हीच लिहिलं आहे. हात तेच, कुंड्या त्याच, खत तेच. जानेवारीनंतर बदलते ती हवा. मग दोष हाताला कसा द्यायचा?

आता ‘उष्ण कटिबंध’. या शब्दाने तुमची फसगत केली आहे, आणि तुमच्यासारख्या कितीतरी जणांची करतो. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर, सांगली सतरा अंशांच्याही जरा खाली. म्हणजे सांगली स्वतःच उष्ण कटिबंधात आहे. बांधावरची बाभूळही उष्ण कटिबंधातली आणि तुमचा अँथुरियमही. पण अँथुरियमचं मूळ घर कोलंबिया आणि इक्वेडोरच्या दमट जंगलात. कॅलेथिया दक्षिण अमेरिकेतल्या जंगलाच्या तळाशी वाढणारी. तिथे वरच्या उंच झाडांच्या पानोळ्यातून गाळून आलेला उजेड खाली पोचतो, हवा बाराही महिने ओलसर असते आणि जमिनीवर कुजक्या पानांची गादी असते. या झाडांना ऊब लागते. ऊन लागत नाही, आणि झळ तर मुळीच सोसत नाही. ऊब, ऊन आणि झळ या तिन्ही गोष्टी आपण ‘उष्ण’ या एकाच शब्दात कोंबतो आणि मग झाड पश्चिमेच्या भिंतीला टेकवून ठेवतो.

सांगलीत एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशीच्या घरात जातो आणि हवेतली ओल पाव भागावर येते. दोरीवर टाकलेला टॉवेल किती वेळात कडक होतो ते तुम्ही रोज बघता. पान म्हणजे तसाच एक ओला कपडा आहे. ते आपल्या बारीक रंध्रांमधून पाणी सोडतं आणि स्वतःला गार ठेवतं. हवा फार कोरडी झाली की मुळं कितीही धडपडली तरी तितक्या वेगाने पाणी वर पाठवू शकत नाहीत. मग झाड रंध्रं मिटून घेतं. रंध्रं मिटली की गार होणं थांबतं, पान तापतं आणि करपतं. मुळाशी चिखल असला तरी करपतं. तुम्ही तीनदा पाणी घातलंत आणि तरी पानं गेली, त्याचं कारण हे. तहान मुळाला लागलीच नव्हती.

सावंतवाडीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, सांगलीला सहाशेच्या आसपास. पण मला वाटतं पावसापेक्षाही मोठा फरक मे महिन्यातल्या दुपारचा आहे. तुमच्या माहेरी त्या दुपारी घामाने जीव नकोसा होतो, कपडे वाळत नाहीत. आपल्याला नकोशी वाटणारी तीच हवा अँथुरियमला हवी असते. भावाच्या अंगणात झाडांना आयती मिळते ती गोष्ट सांगलीत आपल्याला उभी करावी लागणार.

आणि ती उभी करता येते. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही सहज लिहून गेलात: सासऱ्यांचा पानमळा होता.

ताई, पानवेल म्हणजे मिरीच्या कुळातली वेल. आग्नेय आशियातल्या दमट सावलीची. तुमच्या अँथुरियमइतकीच नाजूक, थेट उन्हाने करपणारी, वाऱ्याने फाटणारी, पाणी साचलं की कुजणारी. तरी आरग, बेडग, नरवाड या मिरज तालुक्यातल्या गावांनी ती पिढ्यान्‌पिढ्या पिकवली, आणि तीही अशा मुलखात जिथे शेजारच्या शेतात शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, उभा असतो. पर्जन्यवनातली वेल कोरडवाहू मुलखात जगवण्याची विद्या तुमच्या घरातच होती.

मी बेडगच्या बाजूला एका पानमळ्यात एप्रिलच्या दुपारी गेले होते. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. कुडाच्या फटीतून आत शिरताना मळेकऱ्यांनी चप्पल बाहेर काढायला लावली. चार पावलं आत गेले आणि तळव्यांना माती गार लागली. वर शेवरी आणि हादग्याच्या बारीक पानांचं छत, खाली रुपयाएवढे कवडसे, सतत हलणारे, एका जागी दोन क्षणही न थांबणारे. प्रत्येक बुंध्यावर चढलेली वेल, लव्हाळ्याने जागोजाग बांधलेली. दोन ओळींमधून माणूस अंग चोरूनच जाईल एवढी वाट. बाहेर वावटळ उठली होती आणि आत पान हलत नव्हतं. मळेकऱ्यांनी एक पान खुडून माझ्या हातावर ठेवलं. ते गार होतं.

त्या मळ्यात पंखा नव्हता, फवारे नव्हते, प्लास्टिकची जाळीही नव्हती. वरची सावली हलती होती, त्यामुळे एकाच पानावर ऊन ठाण मांडून बसत नव्हतं. चारी बाजूंना कुड होता, त्यामुळे झळ आत शिरत नव्हती. आणि आत दाटी होती. शेकडो पानांनी सोडलेली ओल तिथेच राहत होती. एकटी कुंडी फरशीवर ठेवली तर तिने सोडलेला ओलावा वारा लगेच घेऊन जातो. वीस कुंड्या एकमेकींना खेटून ठेवल्या तर त्या एकमेकींना सांभाळतात. पत्रासोबत पाठवलेल्या फोटोत तुमच्या कुंड्या कठड्यालगत एका ओळीत, हातभर अंतराने मांडलेल्या दिसतात. दिसायला ते नेटकं आहे, पण अँथुरियमसाठी ती मांडणी एप्रिलमध्ये शिक्षाच ठरते. आजच्या आज करता येईल असं काही विचाराल तर एवढंच सांगेन: सगळ्या कुंड्या पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीकडे हलवा, खेटून ठेवा, उंच पानांच्या बाहेर आणि नाजूक आत. खाली विटांचा चुरा किंवा वाळू पसरून ती ओली ठेवा. कुंडीचं बूड मात्र पाण्यात बुडू देऊ नका.

आता पाणी. इथे मी यजमानांच्या बाजूची आहे, रागावू नका. पाण्याची नासाडी म्हणतात ते मळेकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाचं बोलणं आहे, आणि ते खरंही आहे. फक्त नासाडी किती लिटरची यापेक्षा कसल्या पाण्याची, हे जास्त महत्त्वाचं.

कृष्णाकाठच्या कितीतरी जमिनी क्षारपड झाल्या, हे सांगलीत कोणाला सांगायला नको. वारेमाप पाणी दिलं, निचरा नव्हता, पाणी उडून गेलं आणि क्षार वर राहिले. तुमच्या कुंडीत नेमकं तेच झालं आहे. बोअरचं जड पाणी दिवसातून तीनदा घातलं की पाणी उडतं आणि क्षार मातीत साठतात. कुंडीच्या काठावर आणि मातीवर जो पांढरा पापुद्रा तुम्ही खताचा समजलात तो क्षारांचा आहे. आरओच्या नळीतून जे पाणी बाहेर टाकलं जातं त्यात तर मूळ पाण्यातले क्षार आणखी दाट होऊन आलेले असतात. पाणी वाया जाऊ नये म्हणून तुम्ही ते वापरलंत, त्यामागची भावना मला कळते. ते फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरा. पानांच्या झाडांना घालू नका. घराला पाणी मऊ करणारं यंत्र बसवलं असेल तर त्यातलं पाणीही नको, कारण त्यात चुन्याच्या जागी सोडियम आलेलं असतं आणि ते मुळांना जास्त बाधतं.

दुपारच्या फवाऱ्यांचंही तसंच. पानावरचं पाणी दहा मिनिटांत उडतं आणि क्षारांचे डाग मागे राहतात. फवारायचंच असेल तर पावसाचं साठवलेलं पाणी घ्या, आणि पानांऐवजी भोवतालची जमीन, विटा, भिंत ओली करा.

पावसाच्या पाण्याचा एक हिशोब तुमच्यासाठी मांडते. पाचशे चौरस फुटांच्या गच्चीवर 20 मिलिमीटरची एक सर पडली तर जवळपास नऊशे लिटर पाणी उतरतं. दहा नाजूक कुंड्यांना रोज एक लिटर धरलं तर तीन महिन्यांना नऊशे लिटरच लागतं. म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या एका चांगल्या सरीचं पाणी हजार लिटरच्या टाकीत, झाकण लावून, अंधारात साठवलं तर तुमचे अँथुरियम आणि कॅलेथिया मार्च ते मे तरून जातील. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या, गच्ची धुतली गेली की मग टाकी भरा. बाकीच्या काटक झाडांना नळाचं किंवा बोअरचं पाणी चालेल. मात्र महिन्यातून एकदा कुंडीच्या दुप्पट-तिप्पट पाणी सावकाश ओतून खालच्या भोकातून वाहून जाऊ द्या, म्हणजे साठलेले क्षार धुतले जातात. एसीचं ठिबकणारं पाणीही क्षारमुक्त असतं, त्याखाली बादली ठेवा.

पाणी केव्हा द्यायचं याला माझ्याकडे घड्याळ नाही, बोट आहे. बोटाची दोन पेरं मातीत घाला. खाली ओल लागली तर हात आवरा. पान दुपारी मलूल झालं आणि संध्याकाळी पुन्हा उभं राहिलं तर ती तहान नव्हे, ते रंध्रं मिटून ऊन काढत होतं. सकाळी उठून बघाल तेव्हाही मलूल असेल तर मात्र गडबड आहे. एक तर खरंच कोरडं पडलं आहे, नाही तर मुळं कुजली आहेत. कुंडीतून गड्डा काढून मुळं बघा. पांढरी, टणक असतील तर ठीक. तपकिरी, बुळबुळीत असतील आणि वास येत असेल तर जास्त पाण्याने गेली. पानांवरही वाचता येतं. पानाच्या मधोमध, उन्हाच्या बाजूला फिकट-तपकिरी चट्टा असेल तर तो उन्हाचा. टोक आणि कडा कुरकुरीत झाल्या असतील तर क्षार आणि कोरडी हवा. खालची पानं पिवळी, मऊ पडत असतील तर पाणी जास्त. तुमच्या फोटोंत तिन्ही दिसतात.

झाडांच्या निवडीबद्दल थोडं वेगळं सांगायचं आहे. प्रत्येक झाडाला त्याचं माहेर विचारा. तिथे उन्हाळा कोरडा असतो का? असेल तर ते सांगलीत रमेल. साताऱ्यात दरवर्षी 1 मे रोजी आम्ही गुलमोहर दिवस साजरा करतो, रस्तोरस्ती लाल छत्र्या उघडलेल्या असतात. तो गुलमोहर मादागास्करचा, परदेशी, उष्ण कटिबंधातला, शोभेचाच. पण त्याच्या जंगलात लांबलचक कोरडा हंगाम असतो, म्हणून आपल्या उन्हाळ्यात तो करपायचा सोडून फुलतो. चाफा, बोगनवेल, अडेनियम हे त्याच वळणाचे. तुमचा मुलगा निवडुंग म्हणतो त्यात तथ्य एवढंच की कोरड्या मुलखातली झाडं ऊन सोसतात. पण सांगलीच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात निवडुंग कुजेल, आणि तुम्हाला निवडुंग हवं आहे असं तुमचं पत्र वाचून मला वाटलं नाही.

तुम्हाला रुंद, हिरवी, ओली दिसणारी पानं हवी आहेत. तशी पानं सांगलीची स्वतःची आहेत, ताई. ज्या सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं ती हळद तुमच्या लाल तुऱ्याच्या आल्याच्याच कुळातली. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावलेली हळद ऑगस्टमध्ये कमरेएवढी होते. तिची पानं कोणत्याही महागड्या शोभेच्या रोपाशेजारी उभी करा, कमी पडणार नाहीत. पावसाळ्यात पानांच्या मधून पांढरट कणीस येतं. आणि मुख्य म्हणजे उन्हाळ्याचा त्रास ती अंगाला लावूनच घेत नाही, पानं वाळवून जमिनीखाली झोपते. सोनटक्का तुमच्या माहेरी ओढ्याकाठी माजलेला असेल. तो सांगलीत सकाळच्या उन्हात आणि दुपारच्या सावलीत छान येतो. भुईचाफा तर भर उन्हाळ्यात, पान नसताना, उघड्या मातीतून फूल काढतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्याच्यासमोर खाली बसले होते. जमिनीतून नुसती जांभळट फुलं वर आलेली, आजूबाजूला हिरवं काही नाही. फुटबॉल लिलीही तशीच, मे महिन्यातला वळीव झाला की तिचा लाल गोळा वर येतो.

या झोपणाऱ्या कंदांनी बागेचा निम्मा भाग भरला तर उन्हाळ्यात तुमची काळजी आणि यजमानांचं पाणी दोन्ही निम्म्यावर येतील. कास पठारावर पावसाळ्यात रानहळद फुलते. ती पाहून अनेकांना घरी न्यावीशी वाटते. पठार 2012 पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि तिथलं काहीही उपटायचं नसतं. कंद रोपवाटिकेतूनच घ्या.

बाकी जागेत कर्दळ, जास्वंद, क्रोटन, कॉर्डिलाइन, स्पायडर लिली, पोपटी-केशरी फुलांची लहान हेलिकोनिया, सावलीत मॉन्स्टेरा, सिंगोनियम आणि झानाडू फिलोडेंड्रॉन. ही सगळी सांगलीत निभावतात. एक्झोरा आणि अनंत लावाल तर चुनखडीच्या जमिनीत त्यांची कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतील. तासगावच्या कोणत्याही द्राक्षबागायतदाराला दाखवा, तो लगेच लोह कमी म्हणेल. जमिनीत टाकलेलं हिराकस (लोहाचं सल्फेट) चुनखडीत बांधलं जातं. म्हणून लिटरमागे दोन-तीन ग्रॅम हिराकस, थेंबभर लिंबाचा रस घालून, संध्याकाळी पानांवर फवारा. नाही तर चिलेटेड लोह आणा. घरात रांगतं मूल येणार असेल तर डिफेनबॅकिया आणि कॅलेडियम त्याच्या हाताला लागेल असं ठेवू नका, त्यांचा चीक तोंडात गेला की जीभ सुजते.

नेच्यांबद्दल खरं सांगते. ठोसेघरच्या रस्त्यावर पावसाळ्यात दगडांच्या फटीतून हंसराज लटकलेला असतो आणि उन्हाळ्यात तिथे नुसता दगड दिसतो. मुळाशी जीव धरून तो पुढच्या पावसाची वाट बघत असतो. मी तो कुंडीत बाराही महिने हिरवा ठेवायचा चार वर्षं प्रयत्न केला. आता सोडून दिला. पावसाळ्यात कुंडी पुढे आणते, उन्हाळ्यात न्हाणीघराच्या खिडकीत ठेवते, आणि त्याच्या वाळण्याला मरण समजत नाही. तुमच्या सतरांपैकी काही कुंड्याही कदाचित गेल्या नसतील, झोपल्या असतील. फेकण्याआधी माती उकरून बघा. लाल तुऱ्याच्या आल्याचा आणि हेलिकोनियाचा गड्डा टणक असेल तर त्याला सावलीत जेमतेम ओल देत राहा.

आता पर्याय. पेव्हर ब्लॉकला माझा विरोध आहे आणि तो मी लपवत नाही. पश्चिमेचं ऊन दुपारभर खाल्लेलं काँक्रीट रात्री दहापर्यंत ते परत टाकत राहतं. घर तापेल, उरलेली झाडंही जातील, आणि पावसाचं पाणी जमिनीत मुरायचं थांबेल. चालायला फरशी हवी असेल तर दोन फुटांची वाट करा, तीही मध्ये फटी ठेवून.

जाळीचं म्हणाल तर शेजारच्या काकू चुकीचं सांगत नाहीत. मात्र ती सहा फुटांवर ताणली की खाली भट्टी होते. नऊ-दहा फुटांवर घ्या, पूर्वेची बाजू मोकळी ठेवा, पश्चिमेला खालपर्यंत सोडा. बहुतेक झाडांना पन्नास टक्के सावलीची पुरते, कॅलेथिया आणि नेच्यांच्या कोपऱ्यावर पंचाहत्तरची. वळवाच्या वादळात जाळी शिडासारखी फुगते, म्हणून खांब पक्के हवेत. पहिल्या दोन उन्हाळ्यांसाठी जाळी जरूर लावा. पण कायमची सावली मी झाडांकडूनच घेईन, पानमळ्यासारखी.

येत्या मृगात पश्चिमेच्या कडेला अडीच-तीन फुटांवर शेवरी आणि हादग्याची ओळ धरा. दोन्ही शेंगवर्गीय, जमीन सुधारणारी, आणि वर्षभरात डोक्याच्या वर जाणारी. हादग्याच्या फुलांची भाजी तुम्हाला सांगायला नको. शेवगाही चालतो, पण त्याच्या फांद्या ठिसूळ असतात, वादळात कुंड्यांवर कोसळतात, म्हणून तो जरा लांब. ओळीच्या आत केळीचे दोन-तीन मुनवे लावा. केळ हे सगळ्यात स्वस्त मोठ्या पानाचं झाड आहे आणि आजूबाजूची हवा ओली ठेवतं. हादगा, शेवरी काही वर्षांत थकतात, म्हणून त्याच वेळी एखादी बकुळ किंवा सोनचाफा मध्ये लावून ठेवा. ती मोठी होईपर्यंत हे सांभाळतील.

जमीन काळी असेल तर खड्डा करून लावू नका, पावसाळ्यात तो हौद होतो. वीतभर उंच वाफे करा, त्यात भरपूर कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळा घाला. वरून उसाचं पाचट चार बोटं जाड अंथरा. सांगलीत पाचटाला काय तोटा? लोक ते शेतात पेटवून देतात. बुंध्यापासून मात्र चार बोटं लांब ठेवा, नाही तर वाळवी चढते. कुंडीतल्या अँथुरियमला माती जवळपास नकोच: नारळाच्या सोडणाचे तुकडे, लोणारी कोळसा, विटांचे खडे आणि थोडं कंपोस्ट. सोडण आणि कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या, त्यांतही क्षार असतात.

रोपं जुलैच्या आधी आणू नका. आंध्रातल्या कडियमहून ट्रकने येणारी किंवा पुण्याजवळच्या उरुळी कांचनच्या जाळीघरात वाढलेली रोपं दमट सावलीला सोकावलेली असतात. आणल्या आणल्या उन्हात ठेवली की आठवड्यात मान टाकतात. पंधरा-वीस दिवस आडोशाला ठेवून हळूहळू उजेडात आणा. यंदा दहाच्या वर नाजूक रोपं घेऊ नका, एवढं माझ्यासाठी ऐका. टाकीत नऊशे लिटर असेल तर दहाच कुंड्या.

आणि एक गोष्ट विचारते, उत्तर मला द्यायची गरज नाही. पत्रात तुम्ही चार ठिकाणी भावाच्या अंगणाचा उल्लेख केला आहे. तिथे अँथुरियम आहेत खरे, पण तुम्ही लहान होतात तेव्हा त्या अंगणात काय होतं? अळू, सोनटक्का, अबोली, अनंत, कर्दळ असंच काही असेल. अँथुरियम बहुधा नंतर आले. चौतीस वर्षांनी तुम्हाला जे अंगण हवं आहे ते यांतलं कोणतं, याचा एकदा विचार करा. पहिलं असेल तर ते सांगलीत कितीतरी सोपं आहे. दुसरं असेल तर तेही होईल, फक्त थोड्या जागेत, थोड्या कुंड्यांत, पावसाच्या पाण्यावर.

यजमानांशी बोलताना पेव्हर ब्लॉकपासून सुरुवात करू नका. त्यांना विचारा, पानमळ्यात कुड कोणत्या बाजूला उंच घालायचे, शेवरीची छाटणी केव्हा करायचे, वेलीची उतरण, म्हणजे वेल खाली उतरवून पुन्हा बांधणं, वर्षातून कोणत्या महिन्यात व्हायची. त्यांनी लहानपणी ते सगळं पाहिलं असेल. पश्चिमेची ओळ कुठून धरायची आणि कुठे थांबवायची हे त्यांनाच ठरवू द्या. शेवरीच्या एका बुंध्यावर एक पानवेल चढवा. तिला पाणी घालायला ते तुमची वाट बघणार नाहीत असं मला वाटतं.

जाता जाता, तुमच्या तिसऱ्या फोटोबद्दल. डावीकडून दुसरी कुंडी, सगळी पानं काळी पडलेला अँथुरियम. फोटो मोठा करून पाहिला. मुळाशी, मातीला लागून, नखाएवढा पोपटी कोंब दिसतो आहे. काळी पानं देठापासून कापा, पांढरा पापुद्रा खरवडून काढा, कुंडी आज संध्याकाळी पूर्वेच्या भिंतीला ठेवा आणि बोअरचं पाणी बंद करा. उकळून गार केलं तरी सगळे क्षार जात नाहीत, तेव्हा मृगापर्यंत एसीचं पाणी द्या, रोज पेलाभर. जुलैमध्ये त्याचा फोटो पाठवा.